इंग्रजीतील अपमान, शिवी आणि ‘ऑफेन्स’ स्लोव्हाक भाषेत कसे न्यावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लोव्हाक शिकणाऱ्या किंवा स्लोव्हाकियात राहणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी नाही, पण ती वाढते आहे. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा नित्रा येथील कारखाना २०१८ पासून चालू आहे आणि कोशित्से येथील पावोल योझेफ शाफारिक विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून घेता येते. या मंडळींची पहिली अडचण बहुधा व्याकरणाची असते. दुसरी मात्र हमखास अशी असते की, कोणी काही बोलले तर तो अपमान होता, थट्टा होती की नुसती बोलण्याची पद्धत होती, आणि आपल्याला जे वाटले ते कोणत्या शब्दात सांगायचे. खालील प्रश्न त्यातूनच येत राहिले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. येथे देवनागरीत लिहिलेले स्लोव्हाक शब्द कसे वाचायचे?

‘झ’ हा ‘झरा’तल्यासारखा वाचावा, ‘ज’ हा ‘टेलिव्हिजन’ या शब्दातल्यासारखा घर्षक वाचावा. शब्दाच्या शेवटी ‘त्य’ आले तर तो मृदू केलेला ‘त’ समजावा, त्यात पूर्ण ‘य’ नाही. स्लोव्हाकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’ वेगळे आहेत, पण ‘अ’ लिहिले तर मराठी वाचक भलताच उच्चार करील, म्हणून दोन्हींसाठी ‘आ’च वापरला आहे, खरी लांबी मूळ लिपीत अक्षरावरच्या तिरप्या रेघेने कळते. शब्दातला आघात पहिल्या अक्षरावर असतो.

एक गोष्ट मराठी वाचकाला आवडेल. आपल्या वर्णमालेतले ऋ, ॠ, ऌ हे स्वर आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे नुसते ‘रु’ आणि ‘ल्रु’ म्हणतो. स्लोव्हाक लोक मात्र ‘र’ आणि ‘ल’ खरोखरच स्वरासारखे उच्चारतात, तेही ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही. विलो नावाच्या झाडाला ते ‘वॄबा’ म्हणतात आणि लांडग्याला ‘व्ल्क’. हा ‘व्ल्क’ आणि संस्कृत ‘वृक’ एकाच मुळाचे आहेत.

२. ‘ऑफेन्स’ या शब्दाला स्लोव्हाकमध्ये नेमका एक प्रतिशब्द कोणता?

एक नाही, आणि तो शोधण्याचा नाद सोडला की पुढचे सगळे सोपे होते. इंग्रजीने या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. कोणाचा तरी मान दुखावला, तर ती ‘उराश्का’. कायदा मोडला, तर त्याच्या गांभीर्याप्रमाणे ‘प्र्येस्तुपोक’ किंवा ‘त्रेस्त्नी चिन’ (प्रश्न १५ पाहा). खेळातली किंवा युद्धातली चढाई असेल, तर ‘ऊतोक’. चारचौघांत काही अशोभनीय घडून लोकांना किळस किंवा संताप आला, तर त्या लोकांच्या भावनेला ‘पोहोर्शेन्ये’ म्हणतात, आणि सरकारी मराठीत आपण ज्याला सार्वजनिक सभ्यतेला बाधा म्हणू त्या अर्थाने कायद्यात ‘वेरेय्ने पोहोर्शेन्ये’ असा शब्दप्रयोग येतो.

माझा अनुभव असा की मराठी माणसाने इंग्रजी वाक्य सरळ स्लोव्हाकमध्ये न नेता आधी ते मराठीत मनातल्या मनात सांगावे. आपल्याकडे अपमान करणे, अपमान वाटणे, मनाला लागणे, रुसणे, राग मानणे, गुन्हा करणे हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत. स्लोव्हाकमध्येही ते वेगवेगळेच आहेत, फक्त इंग्रजीतून गेल्यावर ही वेगळेपणाची जाणीव पुसली जाते.

३. ‘इन्सल्ट’साठी ‘उराश्का’ वापरायचा की ‘नादाव्का’?

‘नादाव्का’ म्हणजे शिवी, म्हणजे प्रत्यक्ष उच्चारलेला शब्द. ‘उराश्का’ म्हणजे अपमान, म्हणजे त्या शब्दाने किंवा कृतीने झालेला आघात. एखाद्याने एकही शिवी न देता, अतिशय सभ्य भाषेत, सर्वांसमक्ष तुमच्या कामाची टर उडवली तर ती ‘उराश्का’ आहे पण त्यात ‘नादाव्का’ नाही. उलट दोन जिवलग मित्र एकमेकांना दिवसभर ‘नादाव्की’ घालत असतील आणि कोणाचीही ‘उराश्का’ होत नसेल. इंग्रजीत दोन्हींना ‘इन्सल्ट’ म्हणून भागते. मराठीत आणि स्लोव्हाकमध्ये भागत नाही.

‘उराश्का’ या शब्दाच्या मुळाशी आघात करणे, ठोकणे हा अर्थ आहे. त्याचा जवळचा नातलग ‘ऊराझ’ हा शब्द तुम्हाला रुग्णालयाच्या पाटीवर आणि विम्याच्या कागदावर भेटेल, आणि तेथे त्याचा अर्थ शारीरिक इजा, अपघातातील दुखापत असा आहे. ‘ऊराझोवा आम्बुलान्त्सिया’ ही जखमी झालेल्यांची तपासणी खोली आहे. अपमान झाला म्हणून तेथे जाऊ नये. अपघात विम्याच्या इंग्रजी कागदपत्रातील ‘इन्जुरी’साठीही ‘ऊराझ’च योग्य.

४. ‘उराझिल’ आणि ‘उराझिल सा’ यांत एका ‘सा’ने इतका काय फरक पडतो?

सगळा फरक पडतो. ‘उराझित्य’ म्हणजे अपमान करणे. ‘उराझित्य सा’ म्हणजे अपमान वाटून घेणे, राग मानणे. ‘उराझिल हो’ म्हणजे त्याने त्याचा अपमान केला. ‘उराझिल सा’ म्हणजे तो रागावून बसला. ‘सा’ विसरला की दुखावलेला माणूस दुखावणारा होतो, आणि ही चूक नवशिक्यांच्या लिखाणात मला सर्वांत जास्त सापडते. इंग्रजीतील ‘टेक ऑफेन्स’ हे ‘उराझित्य सा’, आणि ‘गिव्ह ऑफेन्स’ हे ‘सा’विना.

दुसरी बाजू क्रियेच्या पूर्णतेची आहे. स्लाव भाषांत क्रियापदांच्या जोड्या असतात: एक पूर्ण झालेल्या एकदाच्या क्रियेसाठी, दुसरे चालू असलेल्या किंवा पुन्हापुन्हा होणाऱ्या क्रियेसाठी. येथे ‘उराझित्य’ हे पहिले आणि ‘उराजात्य’ हे दुसरे. ‘तो मला घालूनपाडून बोलत असतो’ या अर्थी ‘उराजा मा’. ‘माझा अपमान करू नकोस’ असे ठणकावून सांगायचे असेल तर नकारार्थी आज्ञेत सहसा दुसरे रूप येते: ‘नेउराजाय मा’.

यातली खरी गंमत ‘सा’ आणि नकार एकत्र आल्यावर कळते. ‘नेउराझ सा’ म्हणजे ‘राग मानू नकोस’, आणि हे बहुधा काही बोलण्याआधी म्हणतात. ‘नेउराजाय सा’ म्हणजे ‘पुरे झाले आता रुसणे’, आणि हे समोरचा फुगून बसल्यावर म्हणतात. इंग्रजीतील ‘डोन्ट बी ऑफेंडेड’ या वाक्यावरून यांतले कोणते हवे ते कळत नाही. प्रसंग पाहूनच निवडावे लागते.

५. मला खरोखर वाईट वाटले हे सांगायचे आहे. ‘उराझिल सोम सा’ म्हटले तर लोक हसतात. का?

कारण ‘उराझिल सोम सा’ (स्त्री असेल तर ‘उराझिला सोम सा’) यात ‘मी रुसलो’ची छटा आहे. आपण ‘मी रुसलो होतो’ असे स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा त्यात थोडी स्वतःचीच थट्टा असते, तसेच हे. गंभीरपणे सांगायचे असेल तर दोष कृतीवर ठेवणारी रचना घ्यावी: ‘उराझिलो मा तो’, म्हणजे त्या गोष्टीने माझा अपमान झाला.

त्याहून चांगला शब्द ‘दोत्क्नुत्य सा’ हा आहे. त्याचा मूळ अर्थ स्पर्श करणे. ‘दोत्क्लो सा मा तो’ म्हणजे ते मला स्पर्शून गेले, आणि स्लोव्हाक माणूस त्याचा अर्थ अगदी आपल्या ‘ते माझ्या मनाला लागले’ असाच घेतो. यात आदळआपट नाही आणि रुसवाही नाही. कार्यालयात वरिष्ठांशी बोलताना मी नेहमी हाच सुचवतो. अन्याय झाला आहे, हक्काचे काही हिरावले आहे, असे म्हणायचे असेल तर मात्र ‘क्रिव्दा’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीतील ‘ग्रीव्हन्स’ अनेकदा तेथे बसतो.

लहान मूल किंवा नवराबायको रुसून बसतात त्याला ‘त्रुत्सोवात्य’ म्हणतात.

६. ‘नो ऑफेन्स’ कसे म्हणायचे?

शब्दशः प्रतिरूप ‘बेझ उराश्की’ असे आहे आणि ते प्रचारात आहे. तरी मोठ्या माणसाशी बोलताना ‘न्येबेर्त्ये तो व झ्लोम’, म्हणजे ‘वाईट अर्थाने घेऊ नका’, हे अधिक मऊ लागते. मित्राला ‘नेउराझ सा, आले…’ असे म्हणून सुरुवात करता येते. ‘आले’ म्हणजे ‘पण’. आपल्याकडे ‘राग मानू नका, पण’ असे म्हणून माणूस पुढे नेमके राग येईल असेच बोलतो, तेच तेथेही घडते.

७. ‘त्याने मला खोटारडा म्हटले’ याच्या भाषांतरात अनेकवचन कोठून आले?

तुम्ही बहुधा ‘नादाल मि दो क्लामारोव’ असे वाक्य पाहिले असेल. ‘क्लामार’ म्हणजे खोटारडा. येथे त्याचे षष्ठी अनेकवचन आले आहे, म्हणजे शब्दशः ‘त्याने मला खोटारड्यांत शिवी दिली’. स्लोव्हाकमध्ये शिवी घालणे या क्रियापदाबरोबर ही रचना ठरलेली आहे, आणि शिवी खाणारा एकटा असला तरी शिवी अनेकवचनातच येते. गाढव म्हटले असेल तर ‘दो सोमारोव’, मूर्ख म्हटले असेल तर ‘दो ह्लुपाकोव’. मला ही रचना फार चित्रमय वाटते: शिवी देणारा तुम्हाला उचलून थेट त्या जमातीत नेऊन टाकतो.

पण प्रत्येक ‘कॉल्ड’ला ही रचना लावू नये. ती वापरली की तो माणूस शिवीगाळ करत होता असा अर्थ पक्का होतो. पत्रकाराने किंवा न्यायालयाने तटस्थपणे नोंदवायचे असेल तर ‘नाझ्वाल मा क्लामारोम’, म्हणजे ‘मला खोटारडा असे संबोधले’, ही तृतीया विभक्तीची रचना योग्य. आणि ‘मी खोटे बोलतो असे तो म्हणाला’ इतकेच घडले असेल तर साधे दुय्यम वाक्य करावे: ‘पोवेदाल, जे क्लामेम’. या तीन वाक्यांत तीन वेगळ्या घटना आहेत, आणि तक्रारीच्या भाषांतरात यांतले कोणते लिहिले यावर बरेच अवलंबून असते (प्रश्न १८ पाहा).

८. प्राण्यांच्या नावांच्या शिव्या सरळ भाषांतरित होतात का?

काही होतात, काही फसवतात. गाढव दोन्हीकडे गाढवच आहे: ‘सोमार’ म्हणजे मूर्ख माणूस. ‘वुओल’ म्हणजे बैल, आणि तोही बुद्धीने मठ्ठ पुरुषालाच म्हणतात. ‘बारान’ म्हणजे मेंढा. डुकराला ‘स्विन्या’ म्हणतात आणि ती शिवी बरीच कठोर आहे, कारण तिचा रोख अक्कलेवर नसून चारित्र्यावर असतो.

मराठी माणूस अडखळतो तो ‘क्रावा’पाशी. ‘क्रावा’ म्हणजे गाय, आणि बाईला गाय म्हणणे ही तेथे सरळसरळ घाणेरडी शिवी आहे. आपल्याकडे ‘गरीब गाय’ म्हणजे निरुपद्रवी, सोशिक बाई. घरी शिकवलेले ते कौतुकाचे वाक्य स्लोव्हाक सहकारिणीबद्दल भाषांतरित करून सांगू नये. शेळी ‘कोझा’, बदक जातीचा हंस ‘हुस’ आणि कोंबडी ‘स्लिएप्का’ याही बायकांनाच उद्देशून येणाऱ्या शिव्या आहेत आणि त्यांत बिनडोकपणाचा अर्थ असतो. इंग्रजीत लिंगभेद न दाखवणारी ‘इडियट’सारखी शिवी आली तर स्लोव्हाकमध्ये शिवी खाणारा पुरुष आहे की स्त्री हे आधी पाहावे: पुरुष मूर्ख ‘ह्लुपाक’, बाई ‘ह्लुपान्या’.

शेवटी ‘इक’ लावून लघुरूप केले की धार जाते. ‘सोमारिक’ हे आपल्या ‘गाढवा, इतकेही कळत नाही होय’ या लाडिक सुरातले आहे. उलट शब्दामागे ‘येदेन’, म्हणजे ‘एक’, लावले की धार वाढते: ‘ती सोमार येदेन’. शब्दशः ‘तू एक गाढव’, पण भाव आपल्या ‘गाढव कुठला!’ असा.

९. ‘यू’साठी ‘ती’ घ्यायचे की ‘वि’? अपमान करताना कोणते?

येथे मराठी माणसाला काहीच नवे शिकायचे नाही. ‘ती’ म्हणजे ‘तू’ आणि ‘वि’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’. ‘तू’ म्हणून बोलण्याला ‘तिकात्य’ आणि ‘तुम्ही’ म्हणून बोलण्याला ‘विकात्य’ अशी स्वतंत्र क्रियापदेच आहेत. आपण ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ म्हणतो तशी. अनोळखी माणसाने भांडणात अचानक ‘ती’ सुरू केले तर एकही वाईट शब्द न येता अपमान झालेला असतो, आणि त्यावर ठरलेले उत्तर आहे: ‘नेतिकाय्त्ये मि’, म्हणजे ‘मला अरेतुरे करू नका’. इंग्रजी संवादात हा क्षण कोठेही दिसत नाही; अनुवादकाने तो स्वतः ठरवून घालावा लागतो. पात्रे एकमेकांशी ‘वि’ वापरत असतील आणि एकाचा तोल सुटला असेल, तर पहिली शिवी येण्याआधी ‘वि’चे ‘ती’ करणे हाच उत्तम अनुवाद ठरतो. ‘वि’ ठेवून शिवी देताही येते, पण त्यात एक थंड, मुद्दाम केलेला तुच्छपणा येतो.

एक अवघड अपवाद. ‘वि’ एका व्यक्तीला उद्देशून असले तरी क्रियापद अनेकवचनी राहते: ‘उराझिलि स्त्ये सा’, म्हणजे ‘तुम्ही रागावलात’. पण विशेषण मात्र एकवचनातच, त्या व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे येते: बाईला ‘स्त्ये उराझेना’, पुरुषाला ‘स्त्ये उराझेनी’. आपल्याकडेही ‘तुम्ही’बरोबर क्रियापद अनेकवचनी होते, म्हणून पहिला भाग मराठी माणसाच्या सहज अंगवळणी पडतो आणि दुसऱ्यात तो हमखास चुकतो.

१०. ‘स्प्रोस्ती’ म्हणजे मूर्ख की अश्लील?

दोन्ही. माणसाला लावला तर ‘मूर्ख’, आणि तोही रांगडेपणाने म्हटलेला. शब्दाला लावला, म्हणजे ‘स्प्रोस्ते स्लोवो’, तर ‘घाणेरडा शब्द’. चेक भाषेत हाच शब्द मुख्यत्वे ‘अश्लील’ या अर्थी राहिला आहे, त्यामुळे दोन्ही भाषा थोड्याथोड्या येणाऱ्यांचा गोंधळ होतो.

किती तीव्र शिवी आहे हे ठरवताना कोशातील खुणा पाहाव्यात. ब्रातिस्लावा येथील ल्युदोवित श्तूर भाषाविज्ञान संस्थेचे कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत शब्दापुढे तो भावनिक आहे, तुच्छतादर्शक आहे, रांगडा आहे की अश्लील आहे हे संक्षेपाने दिलेले असते. इंग्रजी शिवीला प्रतिशब्द शोधताना अर्थापेक्षा ही पायरी जुळवणे महत्त्वाचे. अर्थ तंतोतंत जुळला पण पायरी चुकली, तर सौम्य त्राग्याचे वाक्य मारामारीचे होते.

११. ‘डॅम इट’सारखे नुसते त्राग्याचे उद्गार कसे न्यावेत? ते कोणाला उद्देशून नसतात.

म्हणूनच त्यांना ‘नादाव्का’ म्हणू नये. शिव्याशाप देत बोलण्याला ‘ह्रेशित्य’ म्हणतात, ज्याचा दुसरा अर्थ ‘पाप करणे’ असा आहे. इंग्रजीतील ‘स्वेअर’ शपथ घेण्याच्या अर्थाने आला असेल तर मात्र ‘प्रिसाहात्य’. सौम्य उद्गारांत ‘ह्रोम दो तोहो’, म्हणजे ‘वीज पडो त्याच्यावर’, आणि ‘दोपारोमा’ हे घरात मुलांसमोरही खपतात. ‘दोपारोमा’तला ‘पारोम’ हा जुन्या स्लाव लोकांचा मेघगर्जनेचा देव पेरून. देवळे गेली, धर्म बदलला, पण बोटावर हातोडी पडली की देव आठवतो.

१२. ‘तो फार टची आहे’ याला काय म्हणायचे?

‘उराज्लिवी’ हा शब्द आहे, पण तो दुधारी आहे: ‘उराज्लिवा पोझ्नाम्का’ म्हणजे अपमानकारक शेरा, आणि ‘उराज्लिवी च्लोव्येक’ म्हणजे चटकन राग मानणारा माणूस. एकाच शब्दात मारणारा आणि मार खाणारा दोघेही. घोटाळा टाळायचा असेल तर हळव्या माणसाला ‘प्रेत्सित्लिवेनी’ म्हणावे.

याहून सुंदर शब्द ‘व्झ्त्याहोवाच्नी’ हा आहे. तो ‘संबंध’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे आणि त्याचा अर्थ, जो प्रत्येक गोष्टीचा संबंध स्वतःशी लावतो तो. कोणी सर्वसाधारण बोलले तरी ‘हे मलाच उद्देशून होते’ असे ज्याला वाटते, जो प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतो, असा माणूस. इंग्रजीत याला एक शब्द नाही, मराठीतही नाही, पण तसा माणूस प्रत्येक कचेरीत आहे.

१३. ‘ऑफेन्सिव्ह’साठी ‘ओफेन्झीव्नी’ चालेल का?

नाही. ‘ओफेन्झीव्नी’ म्हणजे चढाईचा, आक्रमक पद्धतीने खेळणारा. फुटबॉलपटूला तो म्हणतात. दुखावणाऱ्या मजकुराला ‘उराज्लिवी’, दुर्गंधीला ‘ओद्पोर्नी’, सैन्याच्या चढाईच्या शस्त्रांना ‘ऊतोच्नी’.

१४. ‘अब्यूज’ हा शब्द या यादीत येतो का?

येतो, कारण ‘व्हर्बल अब्यूज’ म्हणजे शिवीगाळ, आणि तेथे ‘नादाव्का’चे अनेकवचन ‘नादाव्की’ पुरते. पण छळ असेल, विशेषतः घरातला, तर ‘तीरान्ये’; स्लोव्हाक दंडसंहितेत जवळच्या व्यक्तीच्या छळाचे कलम २०८ याच शब्दाने सुरू होते. लैंगिक शोषण, अधिकाराचा किंवा औषधांचा गैरवापर असेल तर ‘झ्न्येउजीवान्ये’. येथे चूक केवळ भाषेची राहत नाही. शिवीगाळीच्या जागी छळ किंवा छळाच्या जागी शिवीगाळ लिहिली तर तक्रार वेगळ्याच टेबलावर जाते.

१५. गुन्हा या अर्थाच्या ‘ऑफेन्स’ला कोणता शब्द?

तीन पायऱ्या आहेत. किरकोळ, प्रशासकीय स्वरूपाचा, सहसा दंडावर भागणारा नियमभंग तो ‘प्र्येस्तुपोक’. वाहतुकीचे बहुतेक नियमभंग यातच येतात. त्यावर ‘त्रेस्त्नी चिन’, म्हणजे फौजदारी गुन्हा. २००५ च्या, म्हणजे कायदा क्रमांक ३०० च्या, दंडसंहितेने त्याचे दोन भाग केले आहेत: निष्काळजीपणाने घडलेले आणि हेतुपुरस्सर केलेले पण कमाल शिक्षा पाच वर्षांपेक्षा अधिक नसलेले गुन्हे ते ‘प्रेचिन’, आणि त्याहून गंभीर ते ‘झ्लोचिन’. इंग्रजी कागदात नुसते ‘ऑफेन्स’ असेल तर कोणती पायरी हे संदर्भावरून काढावे. अंदाजाने ‘झ्लोचिन’ लिहू नये, कारण सामान्य वाचकाच्या कानाला त्यात खून-दरोड्याचा नाद येतो.

येथे एक योगायोग आहे. कोणाचा अपमान करणे किंवा त्याला हास्यास्पद करणे हे स्वतःच १९९० च्या कायदा क्रमांक ३७२ मधील कलम ४९ नुसार ‘प्र्येस्तुपोक’ आहे. म्हणजे एका ‘ऑफेन्स’ने दुसरा ‘ऑफेन्स’ घडतो, आणि स्लोव्हाक वाक्यात ते दोन पूर्णपणे वेगळे शब्द असतात.

१६. ‘लायबेल’, ‘स्लँडर’ आणि ‘डिफमेशन’ यांना वेगवेगळे शब्द आहेत का?

इंग्रजी कायद्याने लिखित आणि तोंडी बदनामी असा जो भेद जपला आहे तो स्लोव्हाक कायद्यात नाही. भारतातल्या फौजदारी कायद्यातही तो नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बोललेली आणि लिहिलेली अब्रुनुकसानी एकत्रच हाताळते. त्यामुळे दोन्हींसाठी कायदेशीर शब्द एकच, ‘ओहोवारान्ये’, स्लोव्हाक दंडसंहितेचे कलम ३७३. भेद दाखवणे भागच असेल तर ‘लेखी’ किंवा ‘तोंडी’ असे विशेषण लावावे.

दोन बारकावे लक्षात ठेवावेत. पहिला असा की रोजच्या बोलण्यात ‘ओहोवारात्य’ म्हणजे कुचाळक्या करणे, पाठीमागे बोलणे. बाकावर बसून शेजाऱ्यांविषयी बोलणाऱ्या म्हाताऱ्या ‘ओहोवारायू’, पण त्या कोणी गुन्हेगार नसतात. दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा: कलम ३७३ मधील ‘ओहोवारान्ये’ होण्यासाठी सांगितलेली माहिती खोटी असावी लागते आणि तिने त्या व्यक्तीच्या समाजातील प्रतिष्ठेला मोठा धोका पोहोचण्याजोगा असावा लागतो. भारतात नुसते ‘खरे आहे’ म्हणून फौजदारी अब्रुनुकसानीतून सुटका होत नाही, ते लोकहितासाठी सांगितले होते असेही दाखवावे लागते. म्हणून मराठी ‘अब्रुनुकसानी’चे भाषांतर ‘ओहोवारान्ये’ असे केले तरी दोन्हींची व्याप्ती एक नाही हे वाचकाला तळटीप देऊन सांगणे मला योग्य वाटते.

दिवाणी मार्गाने जायचे असेल तर १९६४ च्या नागरी संहितेचे कलम ११ आणि त्यापुढील कलमे लागू होतात, आणि त्याला ‘ओख्राना ओसोब्नोस्ति’, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे संरक्षण, म्हणतात.

जुन्या आणि साहित्यिक भाषेत ‘नात्स्तिउतॄहान्ये’ असा एक भारदस्त शब्द आहे. ‘चेस्त्य’ म्हणजे अब्रू आणि ‘उतॄहात्य’ म्हणजे फाडून काढणे. आपण अब्रूची लक्तरे वेशीवर टांगतो, ते अब्रू फाडतात. दोघांनाही अब्रू हे वस्त्रच वाटले. कायद्याच्या भाषांतरात हा शब्द वापरू नये, नाटकात जरूर वापरावा.

१७. ‘स्लर’ आणि ‘हेट स्पीच’?

‘हेट स्पीच’साठी ‘नेनाविस्त्नी प्रेयाव’ हा शब्द रुळला आहे. राष्ट्र, वंश किंवा श्रद्धा यांची जाहीर विटंबना हा दंडसंहितेतील स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याच्या शीर्षकात ‘हानोबेन्ये’ हा शब्द येतो. ‘स्लर’ला एक शब्द नाही, ‘हान्लिवे ओझ्नाचेन्ये’, म्हणजे हिणवणारे संबोधन, किंवा वांशिक असेल तर ‘रासिस्तित्स्का नादाव्का’ असे लिहावे.

या ठिकाणी सर्वाधिक काळजी इंग्रजीतील ‘जिप्सी’ या शब्दाबाबत घ्यावी लागते. स्लोव्हाकियात या समाजाला अधिकृतपणे आणि सभ्य लेखनात ‘रोमोविया’, एकवचनी ‘रोम’, म्हणतात. जुना शब्द ‘त्सिगान’ अनेकांच्या तोंडी आहे, पण तो हिणवणारा मानला जातो, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘खोटे बोलणे’ असा असल्याने अपमान भाषेच्या आतच शिवलेला आहे. मूळ इंग्रजी लेखक तटस्थ असेल तर ‘रोम’ लिहावे. पात्र मुद्दाम हिणवत असेल तरच जुना शब्द ठेवावा. रोम लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे: दोन, तीन, पाच यांना ते ‘दुय’, ‘त्रिन’, ‘पांज’ असे म्हणतात. मराठी माणूस ‘त्सिगान’ हा शब्द नुसता ऐकीव म्हणून उचलतो तेव्हा हे आकडे त्याला ऐकवावेत असे मला नेहमी वाटते.

१८. पोलिसांत तक्रार द्यायची आहे. शिव्या भाषांतरित करायच्या की तशाच ठेवायच्या?

दोन्ही. मूळ उच्चारलेला शब्द ज्या भाषेत होता त्याच भाषेत, अवतरणात, जसाच्या तसा ठेवावा आणि पुढे कंसात अर्थ द्यावा. ‘अश्लील शब्द वापरले’ असे गोळाबेरीज वर्णन करून भागत नाही, कारण प्रकरण ‘प्र्येस्तुपोक’ आहे की त्याहून वरचे, हे नेमक्या शब्दांवरून ठरते (प्रश्न १५ आणि १६ पाहा). संकोचाने शिवी सौम्य करणे ही चूक मराठी घरांतून आलेल्या लोकांकडून फार होते. आईसमोर उच्चारता येणार नाही असा शब्द सरकारी कागदावर लिहायला हात धजत नाही. तो लिहावा. कोणी बोलले, कोणाला उद्देशून बोलले, ‘ती’ म्हणून की ‘वि’ म्हणून, आणि ऐकणारे तिसरे कोणी होते का, हेही त्याच वाक्यात यावे.

भाषांतर स्वतः केले असेल तर ते समजण्यापुरते उपयोगी आहे. अधिकृत कार्यवाहीत सादर करायच्या परकीय भाषेतील कागदपत्रांसाठी २००४ च्या कायदा क्रमांक ३८२ नुसार न्याय मंत्रालयाच्या यादीत नोंदलेला ‘ऊराद्नी प्रेक्लादात्येल्य’, म्हणजे अधिकृत भाषांतरकार, लागतो. मोबाइलवरचे मराठी संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर आधी त्या यादीत तुमच्या भाषेचा कोणी आहे का ते पाहावे. नसेल तर संदेशांचा इंग्रजी अनुवाद आणि त्यावरून स्लोव्हाक अनुवाद अशी दुहेरी वाट स्वीकारली जाईल का, हे संबंधित कार्यालयाला आधीच लेखी विचारून घ्यावे. आणि त्या दुहेरी वाटेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मधल्या इंग्रजीत हरवतात, म्हणून मूळ संदेशात कोठे अरेतुरे सुरू झाले ते समासात स्वतः लिहून द्यावे.